माणूस की यंत्र?

(मोबाइलवर किंवा संगणकावर एखादे काम करताना ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असे सांगणारी कसोटी आपल्यापुढे येते. वाकडी अक्षरे ओळखा, चित्रे निवडा, असे तिचे स्वरूप असते. या कसोटीमुळे यंत्रांची घुसखोरी थांबते का, या प्रश्नावर लेखकाने या पाठात आपले मत मांडले आहे.)



समजा, तुम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहता. गावाकडून फोन येतो की दादीजान फार आजारी आहेत. अब्बांना उद्याच लखनौला निघायला हवे. लांब पल्ल्याच्या गाड्या अंबरनाथला सहसा थांबत नाहीत. म्हणून कल्याणहून पुष्पक एक्स्प्रेस पकडायची असे ठरते. साध्या आरक्षणात जागा नाही. उरते ते तत्काळ तिकीट. वातानुकूलित डब्यांचे तत्काळ आरक्षण आदल्या दिवशी सकाळी दहा वाजता सुरू होते आणि इतर डब्यांचे अकरा वाजता.

तुमची आपा मोबाइल हातात घेऊन तयार बसते. अकरा वाजतात. ती गाडी निवडते. अब्बांचे नाव व वय भरते. तेवढ्यात पडद्यावर वाकडीतिकडी अक्षरे उमटतात. ‘ही अक्षरे ओळखून खाली लिहा,’ अशी सूचना येते. आपा डोळे बारीक करून पाहते. हे शून्य आहे की इंग्रजी ‘ओ’? ती एकदा चुकते. दुसऱ्या वेळी बरोबर लिहिते. पण तोपर्यंत अकरा वाजून दोन मिनिटे झालेली असतात आणि पडद्यावर प्रतीक्षा यादी दिसू लागते.

संध्याकाळी कोणीतरी सांगतो, ‘अमक्याकडे जा. दुप्पट पैसे दिले तर नक्की तिकीट मिळेल.’ आता तुमच्या मनात प्रश्न येईल. आपल्या आपाला दोन मिनिटांत तिकीट मिळाले नाही, मग त्या माणसाला ते कसे मिळाले? ती वाकडी अक्षरे त्याला आडवी आली नाहीत का?

आज आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

या कसोटीला ‘कॅप्चा’ म्हणतात. संगणक आणि माणूस यांतील फरक ओळखणारी, आपोआप चालणारी परीक्षा, असा त्या नावाचा अर्थ आहे. ही परीक्षा घेण्याची गरज का पडली? संगणकाला आज्ञा लिहून दिल्या की तो एकच काम न थकता हजारो वेळा करतो. अशा आपोआप काम करणाऱ्या आज्ञावलीला ‘बॉट’ म्हणतात. तुम्ही एक अर्ज भरता, तेवढ्या वेळात बॉट शेकडो अर्ज भरू शकतो. चांगल्या कामासाठी हा मोठा गुण आहे. पण रांगेत घुसण्यासाठी त्याचा उपयोग केला, तर रांगेतल्या इतर माणसांवर अन्याय होतो.

या कसोटीचा इतिहास फार जुना नाही. १९९७ मध्ये ‘अल्टाव्हिस्टा’ नावाच्या शोधयंत्राला बॉटचा त्रास होऊ लागला. बॉट त्याच्याकडे खोट्या नोंदींचा ढीग पाठवत असत. तेव्हा तेथील संशोधकांनी वाकडी अक्षरे ओळखण्याची युक्ती काढली. पुढे २००० मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कसोटी अधिक पक्की केली आणि तिला ‘कॅप्चा’ हे नाव दिले. या नावात ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाची आठवण आहे. ट्युरिंगने १९५० मध्ये विचारले होते की, आपण ज्याच्याशी बोलतो तो माणूस आहे की यंत्र, हे माणसाला ओळखता येईल का? कॅप्चामध्ये परीक्षक बदलला. येथे यंत्रच माणसाची परीक्षा घेते.

सुरुवातीला या युक्तीचा चांगला उपयोग झाला. त्या काळी संगणकाला वाकडी, एकमेकांवर चढलेली अक्षरे वाचता येत नसत. माणसाला ती सहज वाचता येत. एवढ्या एका फरकावर ही सारी कसोटी उभी होती. पण हा फरक कायम टिकणारा होता का? नाही. येथेच या गोष्टीचे मर्म आहे.

२००७ मध्ये ‘रीकॅप्चा’ नावाची नवी कसोटी आली. जुन्या पुस्तकांतील व वर्तमानपत्रांतील जे शब्द संगणकाला वाचता येत नव्हते, ते तिने लोकांपुढे ठेवले. लोक शब्द ओळखत गेले आणि जुनी पाने संगणकात उतरत गेली. २००९ मध्ये गूगल कंपनीने रीकॅप्चा विकत घेतली. पुढे अक्षरांच्या जागी चित्रे आली. ‘ज्या चौकटींत बस आहे त्या निवडा,’ ‘सिग्नल कोठे आहे ते दाखवा,’ अशा सूचना येऊ लागल्या. लोकांनी दिलेल्या उत्तरांचा उपयोग यंत्रांना चित्रे ओळखायला शिकवण्यासाठीही झाला. म्हणजे माणसे परीक्षा देत होती आणि त्याच वेळी यंत्राला शिकवतही होती. ‘गुरूची विद्या गुरूला फळली’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. येथे तसेच झाले.

२०१४ मध्ये गूगलनेच जाहीर केले की, अतिशय अवघड वाकडी अक्षरेसुद्धा त्यांचा संगणक ९९.८ टक्के अचूक वाचतो. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील तंत्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी रीकॅप्चाच्या चित्रकसोटीवर प्रयोग केला. त्यांच्या यंत्राने समोर आलेल्या सर्वच्या सर्व चित्रकसोट्या सोडवल्या. म्हणजे ज्या परीक्षेत यंत्र नापास व्हावे अशी अपेक्षा होती, त्या परीक्षेत आज यंत्र पहिले येते आणि आपली आपा मात्र शून्य व ‘ओ’ यांत अडकते.

कोणी म्हणेल, ‘मग चित्रे आणखी अवघड करावीत.’ पण चित्र जितके अवघड, तितका माणसाचाही गोंधळ वाढतो. यंत्राला हरवण्याच्या नादात आपण माणसालाच हरवतो.

आता दुसरी बाजू पाहा. समजा, यंत्राला अजिबात ओळखता येणार नाही असे चित्र कोणी तयार केले. तरी कसोटी अभेद्य होईल का? तरीही नाही. कारण यंत्राच्या वतीने उत्तर देणारी माणसे भाड्याने मिळतात. २०१० मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी या धंद्याचा अभ्यास केला. तेव्हा एक हजार कसोट्या सोडवून देण्याचा भाव सुमारे एक डॉलर, म्हणजे त्या वेळचे पंचेचाळीस रुपये होता. प्रत्यक्ष डोळे फोडणाऱ्या माणसाच्या हाती त्यातला निम्मा वाटाही कधीकधी मुश्किलीने येत असे. हे काम करणारी माणसे भारत, बांगलादेश, चीन यांसारख्या देशांतली होती. बॉट अर्ज भरतो. कॅप्चा आला की तो कोठेतरी दूर बसलेल्या गरजू माणसाकडे पाठवतो. तो माणूस उत्तर लिहितो आणि बॉट पुढे जातो.

आपल्या अंबरनाथ पश्चिमेला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. त्याच्या फाटकावरचा पहारेकरी काय करतो, याचा विचार करा. आत जाणारा माणूस आहे की नाही, एवढेच तो पाहील का? तो ओळखपत्र मागेल. कोणत्या कामासाठी आलात, कोणाकडे जायचे आहे, असे विचारील. पिशवी तपासील. कॅप्चा हा असा पहारेकरी आहे की जो फक्त एकच प्रश्न विचारतो, ‘तू माणूस आहेस का?’ तू कोणाचे काम करतोस, हे तो विचारतच नाही. म्हणून भाड्याचा माणूस त्याच्या डोळ्यांदेखत आत शिरतो.

आपल्या रेल्वेचाच अनुभव पाहा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने, म्हणजे सीबीआयने, आपल्याच एका सहायक प्रोग्रामरला अटक केली. तत्काळ तिकिटे झटपट काढणारी बेकायदा आज्ञावली तयार करून ती दलालांना विकल्याचा आरोप त्याच्यावर होता. विशेष म्हणजे, पूर्वी तो रेल्वेची तिकिटे विकणाऱ्या आयआरसीटीसी या कंपनीतच नोकरीला होता. त्या व्यवस्थेतील कच्चे दुवे त्याला तेथेच समजले, असे तपास यंत्रणेचे म्हणणे होते. कुंपणानेच शेत खायचे ठरवले, तर फाटकावर चित्रे टांगून काय उपयोग?

सप्टेंबर २०२० मध्ये रेल्वे सुरक्षा दलाने ‘रिअल मँगो’ नावाच्या दुसऱ्या एका आज्ञावलीचे जाळे उघडकीस आणले. ही आज्ञावली कॅप्चाला बगल देत असे. मोबाइलवर आलेला बँकेचा सांकेतिक क्रमांक ती आपोआप उचलून भरत असे. प्रवाशांची नावे ती आधीच भरून ठेवत असे आणि एकाच वेळी अनेक खात्यांतून तिकिटे काढत असे. या प्रकरणात पन्नास जणांना अटक झाली. मित्रांनो, आपाच्या दोन मिनिटांचे कोडे येथे सुटते. ती एका बोटाने नाव लिहीत होती आणि तिच्याशी शर्यत लावणारे यंत्र आधीच तयारीत उभे होते.

ही कसोटी चोराला अडवत नाही, एवढाच तिचा दोष असता तर आपण तो सोसला असता. पण ती निरपराध माणसांना अडवते. जो डोळ्यांनी पाहू शकत नाही, त्याने चित्र कसे ओळखायचे? २०२१ मध्ये करोनाच्या साथीत लस घेण्यासाठी अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांना ‘कोविन’ या व्यवस्थेत नाव नोंदवावे लागत होते. तेथेही कॅप्चा होता. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात दाखवून दिले की, ही व्यवस्था दृष्टिहीनांना वापरता येत नाही, कारण ऐकून सोडवता येईल अशा कॅप्चाची सोय तेथे नाही. लस हा जीवनमरणाचा प्रश्न होता आणि दारात उभे होते एक चित्र! पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने आणखी एक महत्त्वाचा निकाल दिला. बँकांच्या ओळख-तपासणीत कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या व्यक्तींना आणि दृष्टिहीनांना ते जमत नाही. अशा व्यक्तींनाही या सेवा वापरता आल्या पाहिजेत, हा त्यांच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले.

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचाही विचार करा. दादाजान उर्दू सुरेख वाचतात. मराठीत चारचौघांशी बोलतात. पण इंग्रजी अक्षरांशी त्यांची ओळख नाही. मग ते माणूस नाहीत का? आणि चित्रांचे काय? पुष्कळ चित्रांत अमेरिकेतील रस्ते असतात. आग विझवण्यासाठी रस्त्याच्या कडेला उभा केलेला तो बुटका नळ अंबरनाथच्या रस्त्यावर तुम्ही कधी पाहिला आहे का? न पाहिलेली वस्तू ओळखता आली नाही, म्हणून माणसाला यंत्र ठरवायचे, हा कोठला न्याय? ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ म्हणतात ती हीच.

याचा अर्थ कॅप्चा पूर्णपणे टाकाऊ आहे, असे मी म्हणणार नाही. घराच्या दाराला कडी असते. कडीमुळे दरोडेखोर थांबत नाही, पण येताजाता आत डोकावणारा थांबतो. हौसेने त्रास देणाऱ्या लहानसहान बॉटना कॅप्चा अजूनही अडवतो. मोठ्या दलालालाही त्यामुळे थोडा खर्च पडतो. जेथे लाभ थोडा असतो, तेथे एवढा खर्चही पुरेसा होतो. पण जेथे एका तिकिटामागे शेकडो रुपये सुटतात, तेथे काही पैशांची कसोटी कोणाला घाबरवणार? म्हणून माझे मत असे आहे की, कडीला कडी म्हणावे, तिला तिजोरीचे कुलूप समजू नये.

मग उपाय काय? पहारेकऱ्याने अधिक चांगले प्रश्न विचारावेत, हा पहिला उपाय. एकाच ठिकाणाहून एका मिनिटात शंभर तिकिटे निघत असतील, तर संशय घ्यावा. एका खात्यातून किती तिकिटे काढता येतील याला मर्यादा असावी. रेल्वेने या दिशेने पावले टाकली आहेत. जून २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने सांगितले की, तत्काळ आरक्षणाच्या पहिल्या पाच मिनिटांत खात्यांत शिरण्याचे जे प्रयत्न होत, त्यांपैकी जवळजवळ निम्मे बॉटचे असत. बॉट ओळखणारी नवी यंत्रणा बसवण्यात आली आणि अडीच कोटी संशयास्पद खाती बंद करण्यात आली. १ जुलै २०२५ पासून आधार-पडताळणी झालेल्या खात्यांतूनच ऑनलाइन तत्काळ तिकीट काढता येऊ लागले. अधिकृत एजंटांनाही पहिली तीस मिनिटे तत्काळ तिकीट काढण्यास मनाई करण्यात आली. या उपायांत ‘तू माणूस आहेस का’ याऐवजी ‘तू कोण आहेस आणि किती घेतोस’ हे विचारले जाते. हा प्रश्न अधिक योग्य आहे. मात्र ओळख मागणाऱ्याने लोकांची माहिती जपून ठेवली पाहिजे आणि ज्याच्या कागदपत्रांत एखादी चूक आहे, त्याच्यासाठी खिडकी उघडी ठेवली पाहिजे.

दुसरा उपाय कायद्याचा. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ नुसार तिकिटांचा बेकायदा धंदा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कलम ऑनलाइन तिकिटांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. यंत्राला शिक्षा करता येत नाही, पण यंत्र चालवणाऱ्याला करता येते.

तिसरा उपाय सर्वांत अवघड, पण सर्वांत खरा आहे. जागा थोड्या आणि जाणारे पुष्कळ, अशी स्थिती असेपर्यंत दलाल नव्या वाटा शोधत राहणार. सणासुदीला आणि सुट्टीत गाड्या वाढल्या, तर काळ्या बाजाराचे मूळच सुकेल.

आता तुमच्याविषयी थोडे. तुमच्यापैकी काही जण उद्या संगणक शिकाल. काही जण आजही घरातल्यांची तिकिटे काढत असाल, अर्ज भरत असाल. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

‘घरबसल्या कॅप्चा भरा, पैसे मिळवा,’ अशा जाहिराती तुम्हांला दिसतील. त्यांतल्या काही जाहिराती आधी नोंदणीचे पैसे घेतात आणि मग गायब होतात. काही ठिकाणी खरोखर काम मिळते, पण मिळतात चार पैसे आणि आपण बनतो कोणाच्या तरी बॉटचे डोळे. ज्या रांगेत आपली आपा उभी आहे, ती रांग मोडायला आपणच हात लावतो. असे काम करू नका.

दुसरी गोष्ट, अलीकडे खोटे कॅप्चाही निघाले आहेत. ‘माणूस असल्याचे सिद्ध करण्यासाठी अमुक कळा दाबा, हा मजकूर चिकटवा,’ असे ते सांगतात. तसे केले की संगणकात घातक आज्ञावली शिरते आणि आपली गुप्त माहिती चोरीला जाते. खरा कॅप्चा अक्षरे किंवा चित्रे ओळखायला सांगतो. संगणकाला आज्ञा द्यायला तो कधीच सांगत नाही. असे काही दिसले की ते पान ताबडतोब बंद करा.

तिसरी गोष्ट, गरज कितीही असली तरी दलालाचे तिकीट घेऊ नका. हे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण आहे, हे मला ठाऊक आहे. दादीजान आजारी असताना तत्त्वे आठवत नाहीत. पण दुसऱ्याच्या नावाच्या खात्यावरून काढलेले तिकीट पकडले गेले तर ते रद्द होऊ शकते. मग पैसेही जातात आणि प्रवासही.

मित्रांनो, माणूस आणि यंत्र यांत फरक आहेच. पण तो वाकडी अक्षरे वाचण्यात नाही, हे आता यंत्रांनी दाखवून दिले आहे. रांगेत आपल्या पुढे म्हातारा माणूस उभा आहे, मागे कडेवर मूल घेतलेली बाई उभी आहे, हे यंत्राला कळत नाही. आपल्याला कळते. आपला नंबर येईपर्यंत थांबणे आणि दुसऱ्याचा नंबर आला की त्याला पुढे जाऊ देणे, ही माणसाची खरी कसोटी आहे. ती कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी अशा व्यवस्था तयार करायला बसेल. तेव्हा त्याने आधी आपल्या दादाजानला आठवावे. जे दार त्यांना सहज उघडता येईल आणि दलालाला उघडता येणार नाही, तेच दार चांगले.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘बॉट’ म्हणजे काय?
(आ) आपाला तिकीट का मिळाले नाही?
(इ) रेल्वे कायद्याचे कोणते कलम तिकिटांच्या बेकायदा धंद्याला लागू होते?

२. कारणे द्या.
(अ) लेखकाने कॅप्चाला दाराची कडी म्हटले आहे.
(आ) चित्र अवघड केल्याने प्रश्न सुटत नाही.

३. पुढील म्हणी पाठात कोणत्या प्रसंगी आल्या आहेत ते सांगा. अशाच अर्थाची उर्दू म्हण माहीत असल्यास वर्गात सांगा.
(अ) कुंपणानेच शेत खाणे. (आ) चोर सोडून संन्याशाला फाशी.

४. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला मोबाइलवर अर्ज भरताना कोणत्या अडचणी येतात, ते विचारा व आठ-दहा ओळींत लिहा.